पॅकेट-गळती : सरासरीत न दिसणारा दोष

सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात ५०० मिलिमीटरच्या आसपास. दोन्हींची सरासरी काढली तर ती गणिताने बिनचूक येते, पण तिने माणच्या विहिरीला पाणी लागत नाही. घरच्या इंटरनेटची तक्रार घेऊन जाणाऱ्या ग्राहकाची स्थिती अशीच असते. ‘तुमची लाइन ठीक आहे, स्पीड पूर्ण मिळतोय’ असे त्याला सांगितले जाते आणि ते खोटेही नसते. तरीही रात्री परदेशातल्या मुलाशी बोलताना आवाज तुटतो, ऑनलाइन परीक्षेत पान मध्येच अडकते, सांगलीत बसून पुण्यातल्या कंपनीचे काम करणाऱ्याला मीटिंगमधून बाहेर फेकले जाते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असतात आणि तुटणारी बाजू सिद्ध कशी करायची, हे पाहू.

जाळे मुळातच गळके

आपण पाठवलेला फोटो किंवा आवाज तारेतून अखंड जात नाही. त्याचे साधारण १,५०० बाइटपर्यंतचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्यावर पत्ता लिहिलेला असतो. या कल्पनेची मांडणी अमेरिकेत रँड संस्थेच्या पॉल बॅरन यांनी १९६४ च्या अहवालांत केली. त्याच सुमारास ब्रिटनमध्ये डोनाल्ड डेव्हिस स्वतंत्रपणे तिथेच पोहोचले. ‘पॅकेट’ हा शब्द त्यांचा. इंटरनेटचा पायाभूत नियम १९८१ मध्ये लेखी स्वरूपात आला, तेव्हा त्यात पॅकेट पोहोचण्याची कोणतीही हमी दिलेली नव्हती. ती जबाबदारी दोन टोकांच्या यंत्रांवर टाकली होती. लग्नाचे वऱ्हाड चार गाड्यांतून निघावे, मुक्कामी पोहोचल्यावर माणसे मोजावीत आणि कोणी मागे राहिले असेल तर पुन्हा गाडी पाठवावी, तसा हा प्रकार. फाइल उतरवताना अशी मोजणी होते आणि हरवलेला तुकडा पुन्हा मागवला जातो. संभाषणात मात्र तेवढा वेळ नसतो. बोलण्याच्या एका पॅकेटात साधारण २० मिलिसेकंदांचा आवाज असतो. तो वेळेवर आला नाही तर उशिरा येऊन उपयोग नाही. एखादे पॅकेट गेले तर कानाला कळत नाही, ओळीने दहा गेली की शब्द गिळला जातो.

गळती दोन कारणांनी होते. एक, माध्यम बिघडलेले असते आणि पॅकेट वाटेतच खराब होते. दुसरे, वाटेतल्या यंत्राकडे रांग लागते आणि जागा संपली की ते पॅकेट टाकून देते. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि जवळचेच बर्कली विद्यापीठ यांच्यामधला वेग सेकंदाला ३२,००० बिटवरून ४० बिटवर आला. सगळी यंत्रे हरवलेली पॅकेटे पुन्हा पुन्हा पाठवत होती आणि गर्दी आणखी वाढत होती. व्हॅन जेकबसन यांनी त्यावर काढलेला उपाय १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला : पॅकेट हरवले की गर्दी झाली असे समजून पाठवणाऱ्याने वेग कमी करावा. इंटरनेट त्यामुळे तरले. पण खिडकीत वाकलेल्या तारेमुळे पॅकेट गेले तरी यंत्र ‘गर्दी आहे’ असाच अर्थ लावते आणि मोकळ्या रस्त्यावरही सावकाश चालू लागते.

एक टक्का म्हणजे किती?

१९९७ मध्ये मॅथिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या घसरणीचे सूत्र मांडले. गळती चौपट झाली की वेग निम्मा होतो. जाऊन-येऊन लागणारा वेळ दुप्पट झाला तरी वेग निम्मा होतो. १ टक्का गळती आणि ३० मिलिसेकंदांचा वेळ धरला तर एका जोडणीचा वेग सेकंदाला सुमारे ५ मेगाबिट येतो, मग आपण १०० चा प्लॅन घेतलेला असो. अमेरिकेतल्या सर्व्हरपर्यंत २०० मिलिसेकंद लागत असतील तर तो १ मेगाबिटच्याही खाली जातो. नव्या पद्धतींनी, उदाहरणार्थ गूगलने २०१६ मध्ये आणलेल्या बीबीआरने, ही घसरण बरीच सावरता येते. पण समोरचे यंत्र कोणती पद्धत वापरते हे आपल्या हातात नसते.

ट्रायच्या २००६ च्या ब्रॉडबँड नियमावलीत तारेवरच्या जोडणीसाठी गळतीची मर्यादा १ टक्क्याहून कमी अशी ठरवली होती. २०२४ मध्ये त्या नियमावलीची जागा नव्या नियमावलीने घेतली. मर्यादा कोणतीही असो, मोजणीचा एक प्रश्न उरतोच. दिवसाची १,४४० मिनिटे असतात. रोज रात्री दहा मिनिटे जोडणी पूर्ण मृत राहिली आणि बाकी वेळ निर्दोष चालली, तर दिवसाची सरासरी गळती ०.७ टक्का भरते. म्हणजे कागदावर लाइन उत्तीर्ण, आणि ती दहा मिनिटे नेमकी मुलाखतीची असली तर नोकरी गेली. स्पीड टेस्टही इथे उपयोगी पडत नाही. ती काही सेकंद चालते, बहुतेकदा अनेक जोडण्या एकदम उघडते आणि त्यामुळे गळती झाकली जाते.

तीन ठिकाणी एकदम मोजा

अधूनमधून होणारा दोष पकडायचा तर तो घडत असताना मोजमाप चालू असले पाहिजे. त्यासाठी ‘पिंग’ हे साधन पुरेसे आहे. ते माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिले. पाणबुडी शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून त्याला हे नाव मिळाले. एक छोटे पॅकेट पाठवायचे आणि उत्तर यायला किती वेळ लागला ते पाहायचे, एवढेच त्याचे काम. विंडोजमध्ये ते आपणहून चारच पॅकेटे पाठवते. १ टक्का गळती असेल तर ही चारही सुखरूप परत येण्याची शक्यता ९६ टक्के असते, म्हणून चार उत्तरांवरून काहीच ठरवू नये. सलग ३०० पॅकेटांत एकही हरवले नाही, तरच त्या वेळची गळती १ टक्क्याखाली आहे असे बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येते.

संगणकावर तीन खिडक्या उघडून तीन ठिकाणी अखंड पिंग चालू ठेवावा. पहिला घरातल्या राउटरला. त्याचा पत्ता बहुधा त्याच्या खालच्या चिठ्ठीवर असतो. दुसरा कंपनीच्या पहिल्या यंत्राला. ‘ट्रेसरूट’ चालवले की एसटीच्या मार्गपत्रकासारखे सगळे थांबे ओळीने दिसतात, त्यातला राउटरनंतरचा थांबा घ्यावा. तो उत्तर देत नसेल तर त्याच्या पुढचा. तिसरा बाहेरच्या एखाद्या स्थिर पत्त्याला, जसे गूगलचे ८.८.८.८.

निदान सोपे आहे. राउटरपर्यंतच गळती असेल तर दोष घरात आहे. राउटर स्वच्छ, पण दुसऱ्या आणि तिसऱ्या ठिकाणी एकाच वेळी गळती असेल तर दोष घर आणि कंपनी यांच्यामधल्या तारेत किंवा तिथल्या गर्दीत आहे. फक्त तिसऱ्यात असेल तर तो पुढे कुठेतरी आहे. एक फसगत टाळावी : ट्रेसरूटमध्ये मधलाच एखादा थांबा गळती दाखवतो आणि पुढचे सगळे स्वच्छ असतात. तिथे गळती नसते. ते यंत्र पॅकेटे पुढे धाडण्यात गुंतलेले असते आणि पिंगला उत्तर देणे त्याला दुय्यम वाटते.

दोषाच्या खुणा

घरातला दोष बहुधा वाय-फायचा असतो. वाई-साताऱ्याकडच्या जुन्या वाड्यांच्या जाड दगडी भिंती असोत की नव्या घरांचे लोखंड भरलेले स्लॅब, सिग्नल दोन्हींत अडतो. संगणक केबलने थेट राउटरला जोडून पाहावा. गळती थांबली तर कंपनीला फोन करण्याची गरज नाही. २.४ गिगाहर्ट्झवर शेजाऱ्यांचे वाय-फाय एकमेकांवर चढते. तिथे १, ६ आणि ११ हीच चॅनेले परस्परांत न मिसळणारी आहेत. जवळच्या खोलीत ५ गिगाहर्ट्झ वापरावे.

गर्दीची गळती वेळेवरून आणि उत्तराच्या उशिरावरून ओळखू येते. रांग वाढते तसा पिंगचा वेळ आधी २० वरून २००, ३०० मिलिसेकंदांवर चढतो आणि मग पॅकेटे गळू लागतात. रोज रात्री आठ ते अकरा असे होत असेल तर गर्दी कंपनीकडे आहे. मोबाइलवरचे फोटो क्लाउडवर चढतानाच होत असेल तर गर्दी आपल्याच घरची आहे. माध्यमाच्या दोषात उत्तराचा वेळ स्थिर राहतो आणि मधलीच पॅकेटे गायब होतात.

तांब्याच्या जुन्या फोनलाइनवर पावसात जोडात पाणी शिरते आणि ऊन पडले की लाइन सुधारते, म्हणून पाटण-जावळीच्या पावसात हा दोष जास्त जाणवतो. फायबरमधल्या प्रकाशाला पाण्याशी थेट कर्तव्य नसते. त्याला वाक आणि धूळ चालत नाही. दरवाजात चेपलेली, टीव्हीमागे घट्ट गुंडाळलेली किंवा खांबावर वाऱ्याने हेलकावणारी तार प्रकाश गमावते. फायबरच्या डब्याच्या माहितीपानावर येणारा प्रकाश डीबीएममध्ये दिसतो. आकडा ३ ने उतरला की प्रकाश निम्मा झाला, आणि उणे २७ च्या आसपास डब्याची मर्यादा येते. उणे २६ वर चालणारी लाइन लाल लाइट न लावताही कुरकुरते. तारेचे टोक स्वतः काढू नये, त्यात डोकावू तर मुळीच नये. आतला लेझर डोळ्याला दिसत नाही, पण इजा करू शकतो.

वीज हे तिसरे कारण. राउटर किती वेळ सलग चालू आहे हे त्याच्याच पानावर दिसते. तो आकडा रोज शून्यावर येत असेल तर ॲडॅप्टर किंवा दाब संशयित. घरात इन्व्हर्टर आहे पण गल्लीतल्या वीज लागणाऱ्या डब्याला नाही, असेही होते.

वहीचे वजन

हे सगळे एका वहीत उतरवावे : तारीख, वेळ, केबल की वाय-फाय, तिन्ही ठिकाणची गळती, उत्तराचा वेळ, पाऊस, वीज, प्रकाशाचा आकडा. आठ-दहा दिवसांत नमुना दिसू लागतो. ‘नेट स्लो आहे’ या तक्रारीला ‘राउटर बंद करून चालू करा’ हेच उत्तर मिळते. ‘गेले आठ दिवस रात्री ९ ते ९.२० या वेळात केबलवर राउटरपर्यंत शून्य आणि तुमच्या पहिल्या यंत्रापर्यंत १२ टक्के गळती आहे’ असे लिहून दिले, तर ते टाळणे कठीण जाते. तक्रारीचा क्रमांक घ्यावा आणि दाद लागली नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जावे. ट्रायच्या नियमांत या दोन पायऱ्या आहेत. येणाऱ्या तंत्रज्ञालाही या नोंदींची मदत होते. तो बहुधा दुपारी येतो आणि दुपारी लाइन नेमकी ठणठणीत असते.

जिल्ह्याच्या ठिकाणी राहून दूरचे शिक्षण, दूरची नोकरी, दूरचा डॉक्टर मिळवायचा, तर सगळा भार या एका तारेवर येतो. तिचा हिशेब कंपनी महिन्याच्या आकड्यांत ठेवते. मिनिटांचा हिशेब घरातल्या कोणीतरी ठेवायला हवा, आणि त्याला एक वही, एक केबल आणि थोडी चिकाटी पुरते.