परदेशी वजिराचा मदरसा आणि आपण

पाहुणे आले की आपण त्यांना बिदरचा महमूद गवानचा मदरसा अभिमानाने दाखवतो. ‘हा इथला की बाहेरचा’ या वादातच त्याच्या कर्त्याचा जीव गेला, हे मात्र सांगायचे राहते.

महमूद इराणातील गिलानचा. 1453 मध्ये व्यापारी म्हणून तो दाभोळ बंदरात उतरला, बिदरला आला आणि पुढे बहमनी राज्याचा वजीर झाला. दरबारात दोन तट होते, दख्खनी आणि आफाकी म्हणजे परदेशी. खरे तर दख्खनी म्हणवणाऱ्या अनेक घराण्यांचे पूर्वजही 1327 च्या सुमारास मुहम्मद तुघलकाच्या हुकमाने दिल्लीहून दौलताबादेस आलेले होते. शंभर-सव्वाशे वर्षांत ते ‘इथले’ झाले होते.

महमूदने दोन्ही तटांना अधिकारपदे वाटून दिली. 1472 मध्ये त्याने हा तीन मजली मदरसा उभारला. त्यात ग्रंथालय होते, राहण्याच्या खोल्या होत्या, दर्शनी भागावर रंगीत चकचकीत फरशा होत्या. तरी विरोधकांनी त्याच्या नावाने खोटे पत्र रचले आणि 1481 मध्ये सुलतानाने त्याचा शिरच्छेद करविला. त्यानंतर राज्य फुटत गेले. मोगल अमदानीत मदरशात दारूगोळा साठविला गेला आणि स्फोटात एक मिनार कोसळला. आज तीच वास्तू राष्ट्रीय महत्त्वाचे संरक्षित स्मारक आहे.

वास्तूचा अर्थ असा बदलतो. न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा 1886 मध्ये उभा राहिला तो फ्रान्सच्या मैत्रीची खूण म्हणून. 1892 मध्ये शेजारच्या एलिस बेटावर परदेशातून येणाऱ्यांची नोंद सुरू झाली, आणि हळूहळू तो पुतळा त्यांच्या स्वागताचे चिन्ह ठरला.

आपले काय? 1956 मध्ये भालकी, औराद, आळंदची मराठी घरे जागची हलली नाहीत, पण राज्य बदलले. ‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न आपल्याला अजून टोचतो. माझे पणजोबाही व्यापारासाठीच इकडे आले. तरी परवा दवाखान्यात आलेल्या उत्तर प्रदेशच्या गवंड्याला औषध देण्याआधी मी तोच प्रश्न त्याच सुरात विचारला. तो ओशाळला आणि मग मीही. मदरसा दाखविताना त्याच्या कर्त्याचे गावही सांगावे, असे तेव्हापासून वाटते.