मीटर नाशिकचा, पण आर अँड डीचा पैसा जातो कुठे?

एपिसोड ऐकायला वेळ नसेल तर हे वाचा, आणि घरात मल्टिमीटर असेल तर आधी तो हातात घ्या. त्यावर 'ट्रू आरएमएस' लिहिलंय का? नसेल तर एसी मोजताना तो बहुतेक शॉर्टकट मारतो: सरासरी काढतो आणि तिला १.११ ने गुणतो. लाट शुद्ध साइन असेल तर उत्तर बरोबर येतं. पण एलईडी दिवे, चार्जर यांच्यामुळे करंटची लाट वेडीवाकडी झाली की मीटर बराच कमी आकडा दाखवतो. वायर मात्र खऱ्या करंटने तापते.

ट्रू आरएमएसचा कोड सोपा आहे. सॅम्पल घ्या, वर्ग करा, सरासरी काढा, वर्गमूळ घ्या. कॉलेजच्या पोराला एका संध्याकाळी जमेल. मग वर्ष का लागतं? कारण उन्हाळ्यात पॅनेलच्या आत रेझिस्टरची व्हॅल्यू सरकते. शेजारची मोटर सुरू झाली की नॉइज घुसतो. टेस्ट लॅबमध्ये डब्यावर हजारो व्होल्टचा स्थिर विजेचा झटका देतात. त्यात प्रोसेसर रीसेट झाला की नवा लेआउट, नवा पीसीबी, पुन्हा लॅबची तारीख. पैसा जातो तो इथे.

आपल्या सातपूरचं उदाहरण घेऊ. ऋषभ इन्स्ट्रुमेंट्स, नरेंद्र गोलिया यांनी १९८२ मध्ये सुरू केलेली कंपनी. पॅनेल मीटर, मल्टिमीटर असलाच माल. २०११ मध्ये त्यांनी पोलंडची लुमेल ही कंपनी घेतली. माझ्या मते हीसुद्धा एक प्रकारची आर अँड डी गुंतवणूकच. दुसऱ्यांनी अनेक वर्षं चुकतमाकत मिळवलेलं ज्ञान, माणसांसकट विकत घ्यायचं. २०२३ मध्ये आयपीओ आला, साधारण ४९१ कोटींचा. त्यातले कंपनीच्या खात्यात येणारे ७५ कोटी, मुख्यतः नाशिकच्या कारखान्याच्या विस्तारासाठी. बाकी पैसा शेअर विकणाऱ्या जुन्या भागधारकांचा. हेडलाइनमधला आकडा आणि कंपनीच्या हातातला पैसा, यात एवढा फरक असतो.

आता हिशेबाची गंमत. मशीन घेतलं तर ती मालमत्ता. संशोधनाचा खर्च मात्र त्याच वर्षीच्या नफ्यातून वजा करावा लागतो. भारतीय लेखा मानक ३८ तसंच सांगतं. प्रॉडक्ट तांत्रिकदृष्ट्या जमणार आणि त्यातून कमाई होणार, हे दाखवता आलं तरच पुढचा डेव्हलपमेंटचा खर्च मालमत्तेत धरता येतो. म्हणजे सगळ्यात अनिश्चित काळातच ताळेबंद सगळ्यात जास्त बोचतो. त्यात सरकारची सवलतही आटली. मान्यताप्राप्त आर अँड डी विभागात घातलेल्या १०० रुपयांवर मार्च २०१७ पर्यंत करासाठी २०० रुपयांची वजावट मिळायची. मग १५० झाली, आणि एप्रिल २०२० पासून १०० च.

याचा चटका मला बसलाय. पहिल्या नोकरीत (नाव नको!) आम्ही चौघं एका मीटरच्या फर्मवेअरवर होतो. झटक्याच्या टेस्टमध्ये दुसरा बोर्डही नापास झाला, आणि त्याच तिमाहीत प्रोजेक्ट बंद. कारण एका वाक्यात सांगितलं: "सध्या खर्च कमी करायचाय." चूक ग्राउंडिंगमध्ये होती, ती आम्हाला सापडलीही होती. तिसरा बोर्ड कधी बनलाच नाही. मी पुण्याला जाऊन ॲप लिहायला लागलो. पगार चांगला आहे, तक्रार नाही. पण तो बोर्ड अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

तुमच्यापैकी कुणी अंबड-सातपूरला इंटरव्ह्यूला जाणार असेल आणि कंपनी लिस्टेड असेल, तर तिचा वार्षिक अहवाल डाउनलोड करा. संचालकांच्या अहवालात 'टेक्नॉलॉजी ॲब्सॉर्प्शन' नावाचा कंटाळवाणा भाग असतो. आर अँड डीचा खर्च तिथे द्यावाच लागतो, कायदाच आहे. एकाच वर्षाचा आकडा बघू नका, तीन वर्षांचे बघा. आणि इंटरव्ह्यूत बिनधास्त विचारा: "सर, टेस्टमध्ये नापास झालेल्या शेवटच्या बोर्डाचं पुढे काय झालं?"