लॅबच्या भिंतीवरचे कागद आणि हातातला रिपोर्ट

पावसाळ्यात जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यात तापाची साथ आली की डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तीन नावे हमखास दिसतात: सीबीसी, विडाल, डेंग्यू. रक्त दिल्यावर थोड्या वेळात छापील रिपोर्ट हातात पडतो आणि सलाईन लावायचे की पेशंट जालन्याला हलवायचा, हे त्यावरच ठरते. या कागदामागे कायदा किती उभा आहे, याबद्दल मात्र लोकांच्या समजुती फार वेगळ्या आहेत.

सगळ्यात घट्ट समजूत अशी, की लॅब उघडी आहे म्हणजे सरकारने तपासूनच परवानगी दिली असणार. भिंतीवर फ्रेम करून लावलेले कागद एकदा नीट वाचा. एक असतो शॉप ॲक्टचा. दहापेक्षा कमी कामगार असतील तर 2017 च्या कायद्याप्रमाणे धंदा सुरू केल्याची नुसती सूचना दिली तरी भागते. दुसरा प्रदूषण नियंत्रण मंडळाचा. तो सुया आणि रक्ताने माखलेला कापूस यांची विल्हेवाट कशी लावायची यासाठी. रिपोर्ट बरोबर येतो की नाही, हे दोन्हींपैकी एकही सांगत नाही. नर्सिंग होम नोंदणीचा 1949 चा कायदा खाटा असलेल्या दवाखान्यांसाठी आहे. केंद्राच्या 2010 च्या क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायद्यात लॅब येतात, पण तो महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. सोनोग्राफी मशीनला नोंदणी लागते, रक्तपेढीला परवाना लागतो आणि रक्त तपासून निदानाला दिशा देणारी स्वतंत्र लॅब मात्र या चौकटीबाहेर राहते. दर्जा ठरवणारा आणि फसवणूक रोखणारा कायदा आणू, असे आश्वासन विधिमंडळात दिले गेले आहे. ते पुरे होणे फार गरजेचे आहे.

‘तपासते तर मशीनच, माणूस कोणी का असेना’ हा दुसरा गैरसमज, आणि जिवाला सगळ्यात जास्त घोर लावणारा. डेंग्यूच्या तापात प्लेटलेट वीस हजार आल्या म्हणून घर हादरते. पण नळीत प्लेटलेट एकमेकींना चिकटून गठ्ठे झाले, तर मशीन त्या मोजतच नाही आणि आकडा खोटाच खाली येतो. अशा वेळी काचपट्टीवर रक्ताचा थर पसरून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी पाहावे लागते. साखरेचेही तसेच. पेशी वेगळ्या न करता रक्त साध्या नळीत पडून राहिले, तर पेशी साखर खात राहतात आणि तासाला साधारण 5 ते 7 टक्के साखर कमी होते. उन्हाळ्यात तालुक्यातल्या कुंभार पिंपळगावला घेतलेला नमुना दुचाकीच्या डिकीतून जालन्याला जाणार असेल, तर मधुमेह झाकला जाऊ शकतो. म्हणून राखाडी टोपणाची, फ्लोराइड घातलेली नळी वापरायची असते. विडालचे तर बोलायलाच नको. जुना संसर्ग, लस, कधी दुसराच ताप, यांनीही ती पॉझिटिव्ह येते. एकाच विडालवर टायफॉइडचा शिक्का मारणे चूक आहे. खात्रीसाठी रक्ताचे कल्चर लागते.

खाली सही आहे म्हणजे डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, असेही धरून चालू नका. स्कॅन केलेली सही संगणकातून कितीही कागदांवर उमटवता येते. रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने 12 डिसेंबर 2017 रोजी गुजरातच्या प्रकरणात उचलून धरली. मात्र लॅबची नोंदणी आणि तपासणी करणारी यंत्रणाच नसेल, तर या सहीमागे डॉक्टर खरोखर आहे का, हे पाहणार कोण?

यावरून सगळे डीएमएलटी (लॅब तंत्रज्ञानाची पदविका) झालेले तंत्रज्ञ बोगस ठरवणे हा अन्याय आहे. नमुना घेणे, मशीन चालवणे, रोज कंट्रोल (आकडा आधीच ठाऊक असलेला नमुना) लावून मशीन पडताळणे हे त्यांचेच काम, आणि गावोगावी ते नेकीने करणारी मुले आहेत. प्रयोगशाळांना मानांकन देणाऱ्या एनएबीएल या राष्ट्रीय मंडळाचे मानांकन सक्तीचे आहे, हीही चुकीची समजूत. ते ऐच्छिक आहे आणि मानांकनाच्या यादीत असलेल्या तपासण्यांपुरतेच लागू होते.

लुबाडणूक फक्त लॅबवालाच करतो असेही नाही. पेशंट पाठवल्याबद्दल डॉक्टरला मिळणारे कमिशन तपासणीच्या दरातच मुरलेले असते. या कट प्रॅक्टिसविरुद्ध 2017 मध्ये माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या समितीने मसुदा तयार केला होता; त्याचा कायदा झाला नाही.

‘असले नियम खेड्यापाड्यांत चालायचे नाहीत, लॅब बंद पडतील’ असे म्हणणाऱ्यांनी 2020 आठवावे. कोरोनाच्या आरटीपीसीआरसाठी खासगी लॅबला एनएबीएल आणि आयसीएमआरची मान्यता लागत होती. जूनमध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री आणि घनसावंगीचेच तेव्हाचे आमदार राजेश टोपे यांनी रुग्णालयातून घेतलेल्या नमुन्यासाठी कमाल दर 2,200 रुपये जाहीर केला. डिसेंबर 2021 पर्यंत सर्वांत कमी टप्प्याचा दर 350 वर आला. लॅब बंद पडल्या नाहीत. शिवाय केंद्राच्या त्या 2010 च्या कायद्याखालील मानकांत लॅबचे प्राथमिक, मध्यम आणि प्रगत असे तीन स्तर आहेत, त्यामुळे तालुक्याच्या छोट्या लॅबवर महानगरातल्या अटी लादल्या जात नाहीत.

आज आपल्या हातात एवढे आहे: रिपोर्टवरच्या पॅथॉलॉजिस्टचे नाव आणि नोंदणी क्रमांक महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या संकेतस्थळावर पडताळून पाहावा, नमुना घेतल्याची वेळ रिपोर्टवर लिहून मागावी आणि आकडा लक्षणांशी जुळत नसेल तर उपचार बदलण्याआधी डॉक्टरांना फेरतपासणीबद्दल विचारावे. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासण्या मोफत आहेत. तिथे होणाऱ्या तपासणीसाठी बाहेर पैसे मोजण्याआधी आरोग्य केंद्रात एकदा विचारून घ्यावे.