पायांच्या आधी मान रुसते!

समज, तुझं घर कोलकात्यात आहे, बालीगंजला. सायकल काढायची, गरियाहाटच्या गर्दीतून वाट काढायची आणि थेट मुंबई गाठायची. किती अंतर? साधारण २,००० किलोमीटर! मुंबईत एक वडापाव खायचा आणि पुन्हा उलटं बालीगंजला यायचं. झाले ४,०००. हुश्श? छे! अजून ८०० बाकी आहेत.

आणि हे सगळं किती दिवसांत? फक्त नऊ!

नाशिकच्या दोन भावांनी जवळजवळ एवढंच अंतर खरोखर कापलं आहे. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन. साल २०१५, शर्यतीचं नाव ‘रेस अक्रॉस अमेरिका’. त्या वर्षी ती पश्चिम किनाऱ्यावर ओशनसाइड गावी सुरू झाली आणि पार पूर्वेला ॲनापोलिसला संपली. मध्ये तापलेलं वाळवंट, मग रॉकी पर्वत, मग मैलोन् मैल मोकळं माळरान! घड्याळ एकदा सुरू झालं की थांबतच नाही. रात्र असो, पाऊस असो. एक भाऊ सायकलवर, दुसरा गाडीत. थोड्या वेळानं अदलाबदल. अशी जोडी करून ही शर्यत पुरी करणारे ते पहिले भारतीय!

गंमत ऐक. महेंद्र दातांचे डॉक्टर आणि हितेंद्र भूलतज्ज्ञ. म्हणजे ऑपरेशनच्या आधी रुग्णाला गाढ झोपवणारे! आणि या शर्यतीत सगळ्यात दुर्मीळ गोष्ट कोणती? झोपच की!

कोलकात्याचे लोकही काही कमी नव्हते बरं का. बिमल मुखर्जी १९२६ मध्ये तीन मित्रांना घेऊन तिथून जग बघायला सायकलवर निघाले. परत कधी आले ठाऊक आहे? १९३७ मध्ये!

आता एक कोडं. इतकी सायकल चालवली की सगळ्यात जास्त काय दुखेल? पाय, असंच म्हणशील ना? मलाही तसंच वाटलं असतं. पण पाय बिचारे बरेच गुणी असतात. आधी रुसते ती मान!

करून बघ. जमिनीवर हात-गुडघे टेकून घोडा हो. आता मान वर करून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहा. पाच मिनिटं. हलायचं नाही हं! मानेमागे कसं ओढल्यासारखं होतं? शर्यतीतला सायकलस्वार असाच पुढे वाकून बसतो आणि रस्ता दिसावा म्हणून मान वर धरतो. तासन् तास! तुझं डोकं चार-पाच किलोचं असतं, भरलेल्या दप्तराएवढं. वरून हेल्मेट!

मग काय होतं? एक वेळ अशी येते की मानेचे स्नायू चक्क संप करतात. मान दुखत नाही नुसती, ती उभीच राहत नाही! हनुवटी छातीला टेकते. पाय फिरताहेत, श्वास चालू आहे, पण समोरचा रस्ताच दिसत नाही. १९८३ च्या शर्यतीत मायकल शर्मर या अमेरिकन स्वाराचं असंच झालं. तेव्हापासून या दुखण्याचं नावच पडलं ‘शर्मरची मान’! डोकं वर राहावं म्हणून काही जणांनी मग काठ्या आणि पट्टे बांधून जुगाड केले. आहे की नाही अजब?

आता जरा लाजायची गोष्ट. बूड! तासन् तास सीटवर घासून तिथे फोड येतात. म्हणून हे लोक जाड गादीची खास चड्डी घालतात, आणि तिच्या आत दुसरी चड्डी घालतच नाहीत! का? आतल्या चड्डीची शिवण टोचते. इवलीशी शिवण, पण हजारो वेळा घासली की करवतच. वर मलमही चोपडतात.

पोटाचं तर वेगळंच नाटक. शरीर स्नायूंमध्ये आणि यकृतात थोडी साखर साठवून ठेवतं. जोरात सायकल मारली की दोन-तीन तासांत हा डबा रिकामा होत येतो. मग एकदम डोळ्यांपुढे अंधारी, हातपाय लटपट! म्हणून सतत खात राहायचं. पण रक्त तर पायांकडे धावलेलं असतं, पोटाच्या वाट्याला थोडंच येतं. मग घास पचत नाही, मळमळतं. खाल्लं नाही तरी पंचाईत, खाल्लं तरी पंचाईत!

आणि झोप? जोडीतला एक जण गाडीत आडवा होतो खरा, पण गाडी हलत असते, डोळा लागतो न लागतो तोच त्याची पाळी येते. उठावं तर गुडघे आखडलेले. एकट्यानं शर्यत करणाऱ्यांचे हाल तर विचारूच नकोस. मेंदू इतका थकतो की डोळे उघडे असतानाच स्वप्न दाखवू लागतो! स्लोव्हेनियाचे युरे रोबिच ही शर्यत पाच वेळा जिंकले. त्यांना कधी कधी वाटेत हल्लेखोर दिसायचे. ते सायकलवरून उडी मारून भिडायलाच धावायचे. आणि समोर असायचं कोण? रस्त्याकडेच्या टपालपेट्या!

शर्यत संपली की दुखणंही संपलं? नाही ना! कोपर टेबलावर आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, माहीत आहे? तिथून एक नस हातात उतरते. हँडलवर टेकलेल्या तळव्याखाली हीच नस दिवसरात्र दाबली जाते. पाय काही दिवसांत ताजेतवाने होतात. पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट कधी कधी कित्येक आठवडे बधिर राहतं. अख्खा देश सायकलवर ओलांडणाऱ्या माणसाला मग शर्टाचं बटणही लावता येत नाही. ‘अगं, जरा लावून देतेस का?’ म्हणावं लागतं!