छप्पर रामनगरला

जोयड्यात बसून ऐतिहासिक पुरातत्त्वात एम.ए. करायला घेतलं की पहिला अडथळा येतो तो तंबाखू ओढायच्या मातीच्या पाइपांचा. अभ्याससाहित्यात पानोपानी ते पाइप. १९५४ साली हॅरिंग्टन नावाच्या अमेरिकी संशोधकाच्या लक्षात आलं की पाइपाच्या दांडीतलं भोक काळाबरोबर बारीक होत गेलंय. १९६२ मध्ये बिनफर्डने त्याचं सूत्रच मांडलं. दांड्यांचे तुकडे जमवा, भोकं मोजा, सरासरी काढा, की वस्तीचा काळ हातात. व्हर्जिनियात हे झकास चालतं. आमच्याकडचा माणूस तंबाखू पानाबरोबर खातो, नाहीतर विडी ओढतो. त्याच्या परसात मोजायला काय मिळणार?

म्हणून मी कौल धरलं. मंगळुरी कौल.

हा विषय दूरस्थ पद्धतीने शिकवण्यात इंग्लंडातल्या लेस्टर विद्यापीठाचं नाव जुनं आहे. पद्धत सगळीकडे साधारण सारखीच: वाचनाची यादी, निबंध, शेवटी स्वतःच्या आवाक्यातल्या एखाद्या जागेवर प्रबंध. नेटवर्क मिळेल तिथे पीडीएफ उतरवून घ्यायच्या आणि घरी येऊन वाचायच्या. ग्रंथालय लांब असल्याची खंत करण्यात अर्थ नाही. जागा दाराशी आहे, ही सोय वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला कुठली?

कागदपत्रं आहेत त्या काळाचाही अभ्यास वस्तूंवरून करायचा, हे या शाखेचं काम. 'कागद आहेत तर खापऱ्या कशाला?' असं आमच्याकडे येणारा प्रत्येक जण विचारतो. भूसंपादनाच्या कागदात घराचं क्षेत्रफळ आणि भरपाईची रक्कम असते. चूल कुठल्या कोपऱ्यात होती, पडवीत कोण निजायचं, हे त्यात येत नाही. आपला कायदाही या बाबतीत कोरडाच. १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू म्हणवून घ्यायला वस्तूचं वय किमान शंभर वर्षं लागतं. मी जिथे काम करते ते सुपा गाव धरणात बुडून अजून तेवढी वर्षं व्हायची आहेत, आणि तिथली कितीतरी घरं कायद्याच्या हिशेबाने नुसता राडारोडा आहेत.

सुपा हे जुन्या तालुक्याचं ठाणं, काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावरचं. १९५६ पर्यंत हा मुलूख मुंबई राज्यात होता, त्यामुळे सुप्याची माहिती शोधायची ती १८८३ च्या मुंबई गॅझेटियरच्या कानडा खंडात. पुढे काळीवर १०१ मीटर उंचीचं धरण आलं. ठाणं जोयड्याला हललं आणि पुष्कळ कुटुंबं रामनगरला गेली.

उन्हाळ्यात पाणी उतरलं की जलाशयाची कड उघडी पडते. तिथे परवानगी काढून, मोजपट्टी घेऊन फिरायचं. खणायचं नाही, काही उचलायचंही नाही. उत्खननाचा परवाना विद्यार्थ्याच्या खिशात नसतो. लाटांनी उतारावरची माती धुऊन नेलेली असते, त्यामुळे चिऱ्यांची जोती उंचावल्यासारखी दिसतात. पाणी जिथे जिथे काही दिवस थांबलं, तिथे खापऱ्यांची आडवी ओळ पडलेली. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, इथे स्वयंपाकघर असणार. पण ती ओळ पाण्याने लावली आहे, घरातल्या बाईने नव्हे. भरवसा ठेवायचा तो न हलणाऱ्या वस्तूंवर: उंबऱ्याचा दगड, तुळशीचं जोतं, फुटलेलं जातं. प्रत्येकाशेजारी मोजपट्टी आणि उत्तर दिशेचा बाण ठेवून फोटो घ्यायचा आणि कच्च्या नकाशावर क्रमांक टाकायचा. उन्हात हे काम कंटाळवाणं आहे, आणि याचं रसभरीत वर्णन करणाऱ्यांनी ते केलेलं नसतं.

पहिला मसुदा पाठवला. तो तपासून आला तेव्हा समासात मार्गदर्शक बाईंचा एकच प्रश्न होता: छप्पर कुठे आहे?

बाईंनी सुपा पाहिलेलं नाही. इथल्या माणसाला हा प्रश्न पडतच नाही, कारण उत्तर तो लहानपणापासून ऐकत आलेला असतो. पाणी चढायच्या आधी लोकांनी कौलं उतरवली, वासे आणि चौकटी सोडवल्या आणि सगळं बरोबर नेलं. वस्ती सोडताना माणूस काय नेतो नि काय टाकतो, यावर शिफर या पुरातत्त्वज्ञाचा जाड ग्रंथ आहे. तो १९८७ चा, धरण पुरं झालं त्याच वर्षाचा. मग मीही मोजपट्टी घेऊन रामनगरला, सुप्याहून तिथे गेलेल्या मामीचं घर गाठलं.

मंगळुरी कौलाचं नाव त्याच्या पोटावर असतं, म्हणजे ते वाचायला माळ्यावर चढावं लागतं. मामी खालून म्हणाली, "अगो, वर काय बघतेस? सगळी काजळीच ती." कोरड्या ब्रशने जाळी काढायची, मग ओलं फडकं हलक्या हाताने फिरवायचं. बॅटरी समोरून मारली तर काहीच दिसत नाही. कौलाला टेकवून आडवी धरली की अक्षरांच्या कडांची सावली पडते आणि बासेल मिशन हे नाव उठून येतं. शेजारी १८६५. हा आकडा पाहून हुरळून जाऊ नये, ते कारखाना निघाल्याचं साल आहे. पहिल्या महायुद्धात सरकारने मिशनची मालमत्ता ताब्यात घेतली आणि पुढे कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले, म्हणून त्या ट्रस्टचं नाव असलेलं कौल युद्धानंतरचं. पाइपाच्या भोकाचं काम इथे कारखान्याचं नाव करतं.

माझं लक्ष वेधलं ते मात्र पडवीवरच्या कौलांनी. पडवीत कधी चूल नव्हती, तरी मधली काही कौलं पोटाकडून काळी कुळकुळीत, काजळी इतकी घट्ट बसलेली की नखाने निघेना. आजूबाजूची लाल. मामीला विचारलं तर ती हसली. "सुप्याच्या रांधपातली असतील. उतरवताना कोण नंबर घालतंय? चढवली मिळतील तशी." म्हणजे बुडालेल्या स्वयंपाकघराचं छत रामनगरच्या पडवीवर आहे. काळी कौलं मोजली तर त्या घराच्या चुलीवर केवढं छप्पर होतं, याचा ढोबळ अंदाज बांधता येतो. जोत्यावर तेवढ्या मापाची खोली कुठली, ते नकाशात शोधायचं.

प्रबंधाच्या अर्जात 'स्थळ' या रकान्यात एकच अक्षांश-रेखांश बसतो. मी दोन जोड्या लिहिल्या, अर्ज परत आला. बाई म्हणतात, रामनगरचा द्या, मोजता येण्यासारखं तिथे जास्त आहे. माझ्या मते सुप्याचाच हवा, कारण काजळी तिथे धरलेली आहे. ईमेल चालू आहेत. तोवर रामनगरातले आणखी काही माळे बघून व्हायला हवेत, कारण मृगाच्या तोंडावर लोक माळ्यावर जळण आणि शेणी भरतात, मग वर पाय ठेवायला जागा उरत नाही.