पॅरिसची तसबीर, फाल्गुनरावाच्या हाती

मे १६६० मध्ये पॅरिसच्या पेटी-बूर्बों नाट्यगृहात मोलिएरनं 'स्गानारेल' नावाचा एकअंकी फार्स आणला आणि तो इतका गाजला की त्याच्यावर डल्ला पडला. नोफव्हिलेन नावाच्या गृहस्थानं पाच-सहा प्रयोग पाहिले, सगळं नाटक आपल्याला पाठ झालं असा दावा केला आणि ते सरळ छापून काढलं. मोलिएरनं दाद मागितली ती वेगळी गोष्ट. पण या चोराचे अभ्यासकांवर उपकार आहेत. प्रत्येक प्रवेशाच्या आधी त्यानं टिपणं लिहिली, त्यांत स्गानारेल झालेल्या मोलिएरच्या चेहऱ्याचं आणि अंगविक्षेपांचं तोंड भरून कौतुक केलं. नटाचा अभिनय नटाबरोबर जातो. इथे तो चोरीच्या मालातून थोडाफार उरला.

गोष्ट अगदी साधी. घरच्यांनी दुसरीकडे लग्न ठरवल्यामुळे हवालदिल झालेल्या तरुणीला रस्त्यात भोवळ येते. तिच्या हातातली प्रियकराची तसबीर खाली पडते. शेजारचा स्गानारेल तिला सावरतो. ते त्याची बायको खिडकीतून पाहते आणि नवऱ्याबद्दल जे समजायचं ते समजते. खाली येऊन ती तसबीर उचलते, चेहरा देखणा आहे म्हणून निरखत राहते. आता नवरा तिला पाहतो, आणि तोही समजतो. एवढ्यात परगावी गेलेला प्रियकर परततो. आपली तसबीर परक्या माणसाच्या हातात बघून त्याच्याही पोटात गोळा येतो. चौघांपैकी कोणीच काही केलेलं नाही. जो तो डोळ्यांना दिसलं त्याच्यावर विश्वास ठेवून बसलाय.

स्गानारेल सूड घ्यायला चिलखत चढवून निघतो आणि प्रतिस्पर्धी समोर आल्यावर, हे पावसासाठी घातलंय, अशी सारवासारव करतो. मोलिएरच्या हयातीत त्याच्या मंडळीनं सर्वांत जास्त वेळा केलेलं नाटक हेच. 'तार्त्युफ'सारखी मोठी नाटकं त्याच्या नावावर असताना वारंवार रंगभूमीवर आला तो हा भित्रा नवरा.

शंभर वर्षांनी हा संशय इंग्लंडला गेला. आर्थर मर्फी हा आयरिश नाटककार. नट म्हणूनही वावरलेला, पुढे वकिलीतही शिरलेला. १७६१ च्या उन्हाळ्यात त्यानं लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात 'ऑल इन द राँग' हे पाच अंकी नाटक आणलं. मोलिएरच्या एका अंकाचे पाच करताना त्यानं संशयी जोडप्याला सर जॉन आणि लेडी रेस्टलेस केलं, नोकर-मोलकरणी वाढवल्या, प्रेमिकांची आणखी एक जोडी घातली. मूळ फार्सचा झपाटा थोडा गेला, गुंतागुंत वाढली. मराठीला मिळाला तो हा इंग्रजी अवतार.

गोविंद बल्लाळ देवल यांनी तो उचलला, १८९३ मध्ये. 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' हे त्यांचं गद्य नाटक. तीनच वर्षांपूर्वी, १८९० मध्ये, त्यांनी शेक्सपियरच्या 'ऑथेल्लो'वरून 'झुंझारराव' लिहिलं होतं, हे ध्यानात घेण्यासारखं आहे. तिथे एका रुमालापायी निरपराध बायकोचा जीव जातो, इथे एका तसबिरीपायी घरात शिमगा होतो. एकाच विकाराची रडवणारी आणि हसवणारी अशी दोन्ही रूपं एवढ्या थोड्या काळात हाताळणारा लेखक मराठीत तरी दुसरा चटकन आठवत नाही.

देवलांनी पात्रांना नावं पंचांगातून दिली. पुरुष महिन्यांवरून, बायका नक्षत्रांवरून: फाल्गुनराव, अश्विनशेठ, वैशाखशेठ, नोकर भादव्या, कृत्तिका, रेवती, रोहिणी. ही झाली गंमत. त्यांचं खरं कसब नायिकेत आहे. मर्फीची लंडनची नायिका बेलिंडा प्रियकराला मोकळेपणी भेटू शकत होती. १८९० च्या दशकातल्या मराठी पांढरपेशा घरातली मुलगी परपुरुषाची तसबीर जवळ बाळगून एकटी रस्त्यानं फिरते, हे प्रेक्षकांनी मानलंच नसतं. म्हणून देवलांनी रेवतीला नायकिणीची मुलगी केलं. मनानं मात्र ती लग्नाचा संसार मागणारी. अडचण सुटली, आणि त्याहून मोठं काही हाती लागलं. तिच्या प्रियकराचा, अश्विनशेठचा, संशय आता नुसता प्रेमिकाचा राहिला नाही. नायकिणीची मुलगी म्हटल्यावर समाजाच्या मनात जे आधीच तयार असतं, तेच त्याच्या मनातही डोकावतं. फार्सला असा काटा मोलिएरकडे नाही, मर्फीकडेही नाही. पुढे 'शारदा' हे सामाजिक नाटक लिहिणाऱ्या माणसाचा हात इथे ओळखू येतो.

नाटकाचं नशीब उजळलं ते मात्र उशिरा. बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी काढली. जुन्या गद्य 'फाल्गुनरावा'त पदं घालून त्याचं 'संगीत संशयकल्लोळ' झालं आणि १९१६ मध्ये ते मंडळीच्या रंगभूमीवर आलं. देवल त्याच वर्षी जूनमध्ये वारले. आपल्या नाटकाचं हे वैभव त्यांच्या वाट्याला आलं नाही.

खरं तर फार्स आणि संगीत नाटक यांचं जमू नये. फार्सला दम खायला वेळ नसतो. संगीत नाटकात पद रंगलं की 'वन्स मोअर', आणि गोष्ट जागच्या जागी थांबते. इथे जमलं, कारण गाण्याचा मुख्य भार अश्विनशेठ-रेवतीवर ठेवला आणि गद्याची धावपळ फाल्गुनराव-कृत्तिका या संशयी जोडप्याकडे. बालगंधर्वांची रेवती आणि बोडसांचा फाल्गुनराव ही वाटणी त्यामुळे बरोबर बसली. पुढच्या पिढीत शरद तळवलकरांनीही फाल्गुनराव गाजवला.

या नाटकाच्या गाण्यांचा एक धागा वऱ्हाडात येतो. तिथल्या मूर्तिजापुरात १९२० मध्ये गायक वसंतराव देशपांडे जन्मले. नागपुरात वाढले, शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकले आणि १९६७ मध्ये 'कट्यार काळजात घुसली' या संगीत नाटकातले खाँसाहेब म्हणून घरोघरी पोचले. 'संशयकल्लोळ'मधलं दरबारी कानड्यातलं अश्विनशेठचं पद आज अनेकांच्या कानात आहे ते वसंतरावांच्या आवाजात. पॅरिसच्या भित्र्या नवऱ्यात आणि या दरबारीत नातं लावून दाखवा म्हटलं तर मोलिएरही गोंधळला असता.

वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांनी २०१० नंतरच्या दशकात अश्विनशेठची भूमिका गायली. निपुण धर्माधिकारी यांच्या दिग्दर्शनाखाली आलेल्या या प्रयोगात प्रशांत दामले फाल्गुनराव होते. रात्र रात्र चालणाऱ्या संगीत नाटकाची सवय नसलेल्या प्रेक्षकांसाठी अशा नाटकाला कात्री लावावीच लागते, आणि जाणकारांची कुरकुरही ऐकावी लागते.

मोलिएरची इतर नाटकंही मराठीत आली. हरि नारायण आपट्यांनी 'मारून मुटकून वैद्यबुवा' केलं, आचार्य अत्र्यांनी कंजूष माणसावरच्या नाटकातून 'कवडीचुंबक' घडवलं. पण त्यांच्याकडे पाहताना मूळ नाटकाची आठवण निघते. फाल्गुनरावाच्या बाबतीत ती निघत नाही. तो सांगली-पुण्याकडचाच कोणी तरी वाटतो, आणि त्याचा मूळपुरुष चिलखत घालून पावसाची सबब सांगत होता हे सांगितल्यावर लोक आधी हसतात, मग विचारतात, 'खरंच?'