राष्ट्राचा निर्णय आणि गांवची कचेरी

एकत्र कुटुंबांत वांटणीचा बेत ठरतो तो बहुधा ओसरीवर. वडील मंडळी बसतात, चार शब्द होतात, प्रसंगीं आवाज चढतात, आणि अखेर निर्णय होतो. परंतु निर्णय झाल्यावर पहिले प्रश्न उभे राहतात ते माजघरांत. उद्यां सकाळीं चूल कोणती पेटवावयाची, विहिरीचें पाणी कोणी कोणत्या वेळीं भरावयाचें, आणि अंथरुणास खिळलेल्या आजीबाईंचें औषधपाणी कोणाकडे राहावयाचें? ओसरीवरील मंडळींस हे प्रश्न क्षुद्र वाटतात. पण ते न सुटले तर वांटणीच्या तिसऱ्याच दिवशीं घरांत रडारड होते. राष्ट्रांच्या संसारांतही असेंच घडतें. इंग्लंडनें युरोपीय संघाशीं वांटणी केली, त्या वेळीं तेथील माजघरानें, म्हणजे कौंट्या व नगरें यांच्या स्थानिक संस्थांनीं, कोणती तयारी केली, हें आज वाचकांपुढें मांडावयाचें आम्हीं योजिलें आहे. आपल्यापैकीं कित्येक घरांतील मुलेंबाळें त्या देशांत संसार करून आहेत. तेव्हां हा विषय आपणांस अगदींच परका नाहीं.

प्रथम तारखा ध्यानांत घ्याव्या. २३ जून २०१६ रोजीं सार्वमत झालें व शेंकडा ५१.९ मतें संघ सोडावा अशीं पडलीं. वेगळें होण्याचा दिवस २९ मार्च २०१९ हा ठरला. पण कराराच्या मसुद्यास पार्लमेंटची मान्यता मिळेना. म्हणून तो दिवस १२ एप्रिलवर, तेथून ३१ ऑक्टोबरवर, आणि शेवटीं ३१ जानेवारी २०२० वर गेला. त्यापुढेंही जुने व्यापारी नियम ३१ डिसेंबर २०२० पर्यंत चालू राहावयाचे होते. लग्नाची तिथि तीनदां पुढें गेली म्हणजे आचाऱ्याला सांगणाऱ्या, मांडव घालणाऱ्या व पाहुण्यांस कळविणाऱ्या यजमानाची जी तारांबळ उडते, तीच त्या देशांतील लहानमोठ्या कचेऱ्यांची उडाली. त्यांतून करार होऊन वेगळें व्हावयाचें कीं कराराविनाच, हेंही कोणी सांगूं शकत नव्हतें.

इंग्लंडांत २००४ सालीं झालेल्या आपत्तिविषयक कायद्यानें स्थानिक संस्थांस पोलीस, अग्निशामक दल व रुग्णसेवा यांच्या पंक्तीस बसविलें आहे. संकटाचा आगाऊ अंदाज घेणें, योजना आंखणें व लोकांस वेळीं सूचना देणें हीं त्यांचीं कायदेशीर कर्तव्यें होत. पोलिसांच्या हद्दींप्रमाणें इंग्लंडांत अशीं ३८ संयुक्त मंडळें आहेत. महापूर, वादळ व सांथ यांसाठीं उभारलेली ही यंत्रणा आतां एका राजकीय निर्णयासाठीं कामास लावण्यांत आली. जानेवारी २०१९ मध्यें मध्यवर्ती सरकारनें स्थानिक संस्थांस मिळून ५ कोटी ६५ लक्ष पौंड देऊं केले. त्यांतून दोन वर्षांकरितां कौंटीस १,७५,०००, सर्वाधिकारी नगरसभेस २,१०,००० आणि लहान जिल्हासभेस ३५,००० पौंड मिळाले. ऑगस्टमध्यें आणखी २ कोटी पौंडांची भर पडली, व प्रत्येक संस्थेनें या कामासाठीं एक जबाबदार अधिकारी नेमावा असें फर्मान निघालें. पस्तीस हजार पौंडांत एका जाणत्या अधिकाऱ्याचा वर्षभराचा पगार जेमतेम भागावा! यावरून निर्णयाचें आकारमान व तयारीची शिदोरी यांमधील अंतर ध्यानांत यावें.

सर्वांत जड ओझें पडलें तें केंट कौंटीवर. डोव्हर बंदर व फोकस्टनजवळील समुद्राखालचा बोगदा हीं दोन्हीं द्वारें याच कौंटींत. एकट्या डोव्हरवरून दिवसाला दहा हजारांपर्यंत मालमोटारी जाऊं शकतात. आजवर त्या न थांबतां जहाजावर चढत. आतां प्रत्येकीचे कागद तपासावयाचे ठरल्यास, तपासणीस मोटारीमागें थोडींच मिनिटें लागलीं तरी रस्त्यावर मैलोगणती रांग लागणार, हें गणित शाळेंतील मुलासही सुटावें. २०१५ च्या उन्हाळ्यांत फ्रान्सच्या बाजूचा मार्ग अडला असतां एम-२० या राजरस्त्यावर मोटारी तटून राहिल्या होत्या. तो अनुभव केंटच्या लोकांस ताजा होता. सरकारच्या गुप्त अंदाजपत्रकांत, जें पुढें सप्टेंबर २०१९ मध्यें प्रसिद्ध करावें लागलें, वाईटांत वाईट प्रसंगीं एकेका मोटारीस सीमेवर दीड ते अडीच दिवस खोळंबावें लागेल असें म्हटलें होतें.

मग केंटनें काय केलें? मेडस्टोन व ॲशफर्ड यांच्या दरम्यान राजरस्त्याच्या एका बाजूस मालमोटारींनीं उभें राहावें व दुसऱ्या बाजूनें इतर वाहनांनीं येजा करावी, अशी ‘ब्रॉक’ नामक योजना तयार झाली. मॅन्स्टन येथील बंद पडलेला विमानतळ मोटारींच्या तळासाठीं राखून ठेवला. ७ जानेवारी २०१९ रोजीं तेथें रंगीत तालीम झाली. तीस अवघ्या ८९ मोटारी हजर होत्या! वर्तमानपत्रांनीं थट्टा केली. परंतु कौंटीच्या अधिकाऱ्यांपुढचे खरे प्रश्न मोटारींचे नव्हते, माणसांचे होते. रस्ता तुंबला तर एकट्या राहणाऱ्या वृद्धांस न्हाऊंमाखूं घालणाऱ्या सेविका वेळेवर कशा पोंचाव्या? शाळकरी मुलें परीक्षेस कशीं जावीं? केराच्या गाड्या कोणत्या वाटेनें न्याव्या? असल्या प्रश्नांचीं उत्तरें शोधावयाचीं म्हणजे भाषण ठोकण्याचें काम नव्हे. त्यासाठीं कोणती सेविका कोठें राहते व कोणत्या म्हाताऱ्याकडे जाते, याची वही घेऊन बसावें लागतें.

बंदरापासून दूर असलेल्या संस्थांसही काम कांहीं कमी नव्हतें. वृद्धांची व अपंगांची शुश्रूषा करणाऱ्या खाजगी गृहांचा खर्च महागाईनें वाढल्यास लहान गृहें दोनतीन महिन्यांत व मोठीं चारसहा महिन्यांत अडचणींत येतील, असें सरकारचाच अंदाज सांगत होता. आणि गृह बंद पडलें तर तेथील वृद्धांस आसरा देण्याची जबाबदारी स्थानिक संस्थेची. संस्थांच्या पालकत्वाखालीं असलेल्या अनाथ व निराधार मुलांपैकीं जीं युरोपांतील अन्य देशांचीं प्रजाजन होतीं, त्यांच्या वतीनें ३० जून २०२१ च्या आंत वास्तव्याचे अर्ज करावयाचे होते. ज्या मुलास आईबाप नाहींत त्याच्या जन्माचा दाखला कोठून आणावा? असा एक अर्ज राहिला तर तें मूल आपल्याच गांवांत परकें ठरावयाचें. यांतच आणखी एक विचित्र प्रसंग ओढवला. संघ सोडावयास निघालेल्या देशांत संघाच्या पार्लमेंटची निवडणूक घ्यावी लागेल, हें सरकारनें ७ मे २०१९ रोजीं स्पष्ट केलें. मतदानाचा दिवस होता २३ मे. मतदानगृहें, मतपत्रिका व कारकून यांची जुळवाजुळव स्थानिक अधिकाऱ्यांनींच केली, आणि निवडून आलेल्या ७३ सभासदांस पुढें उणेपुरे सात महिने बसावयास मिळालें.

येथें एक आक्षेप सहज सुचतो. मार्च गेला, ऑक्टोबर गेला, आणि भाकितें केलेला प्रलय कांहीं आला नाहीं. मग हा सगळा खटाटोप फुकटच गेला ना? आम्हांसही प्रथम तसेंच वाटलें होतें. परंतु पुढील हकीकत ऐकावी.

करोनाच्या सांथीचा एक नवा प्रकार केंट परिसरांतच प्रथम आढळला, आणि २० डिसेंबर २०२० च्या रात्रीं फ्रान्सनें आपलें द्वार ४८ तासांकरितां बंद केलें. नाताळ चार दिवसांवर आला असतां घरीं जावयास निघालेले हजारों चालक केंटमध्यें अडकले. ज्या संकटासाठीं तयारी केली होती तें हें नव्हतें. पण राजरस्त्यावरची योजना तीच उपयोगी पडली, आणि ८९ मोटारींच्या तालमीमुळें हास्यास्पद ठरलेल्या मॅन्स्टनच्या धांवपट्टीवर तीन हजारांहून अधिक मोटारी उभ्या राहिल्या. संस्कृतांत देहलीदीपन्याय म्हणून एक न्याय आहे : उंबरठ्यावर ठेवलेला दिवा आंतही उजेड पाडतो व बाहेरही. केंटच्या तयारीचें तसेंच झालें.

तरीही सत्य सांगावयाचें तर तयारी पुरी पडली नाहीं. मोटारींस जागा मिळाली. मोटारींतील माणसांस अन्न व शौचकूप यांची वाण पडली, अशी तक्रार पुष्कळ चालकांनीं केली. नकाशावर मोटारींच्या रांगा आंखणें सोपें. त्या रांगेंतील प्रत्येकास दोन वेळ भूक लागते हें नकाशावर दिसत नाहीं. त्या वेळीं ग्रेव्हसेंड येथील शीखांच्या गुरुद्वारांत चुली पेटल्या, आणि खालसा एड या संस्थेचे स्वयंसेवक गरम जेवण घेऊन चालकांकडे गेले. आपल्या भूमींतून गेलेल्या लोकांच्या लंगरानें परदेशांतील कचेरीची उणीव भरून काढली, हें वाचून कोणाही हिंदी मनुष्यास समाधान वाटेल.

करार शेवटीं २४ डिसेंबर २०२० रोजीं झाला. नव्या वर्षापासून केंटमार्गें युरोपांत जाणाऱ्या मोठ्या मालमोटारींस परवाना सक्तीचा झाला व तो नसल्यास ३०० पौंड दंड ठरला. ही सक्ती एप्रिल २०२१ मध्यें उठली. लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, डोव्हर जिल्ह्यांत शेंकडा ६२ मतें संघ सोडण्याच्याच बाजूनें पडलीं होतीं. आपलें मत बरोबर कीं चूक हा वाद तेथील लोक अजून घालीत असतील. पण ज्याच्या दारावरून रस्ता जातो त्यासच धूळ खावी लागते, मग त्यानें मत कोणासही दिलेलें असो.

तहान लागल्यावर विहीर खणूं नये हें आपण मुलांस शिकवितों. परंतु पाणी लागेलच असा भरवसा नसतांही खणावें, आणि कोरडी राहिली म्हणून खणणाऱ्यास हंसूं नये, हें आपण स्वतः विसरतों. ज्या अधिकाऱ्यांच्या तयारीची २०१९ सालीं थट्टा झाली, त्यांच्याच वह्या २०२० सालीं उघडाव्या लागल्या. म्हणून ओसरीवर बसून थोर निर्णय करणाऱ्यांस आमची एवढीच विनंती कीं, निर्णय जरूर करावा, पण उठण्यापूर्वीं एकवार माजघरांत डोकावून विचारावें, ‘उद्यां सकाळीं आजीबाईंस औषध कोण देणार?’ त्यास उत्तर मिळालें तर वांटणी निभावेल. न मिळालें तर आणखी चार दिवस थांबण्यांत कोणाचीही मानहानि नाहीं.